चाळीस मिनिटांची रजा

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. किती जुना? माझ्या तोंडाशी सीडी घालायची खाच आहे, आणि सीडी म्हणजे काय हे तुम्हाला घरातल्या मोठ्यांना विचारावे लागेल. अंगाने मी काळा, ठोकळ्यासारखा, तुमच्या गुडघ्याएवढा उंच.

कारखान्यातून निघालो तो थेट एका दंतवैद्याच्या दवाखान्यात आलो. कोणाची दाढ कधी उपटायची, कोणाला तार कधी बसवायची, हे मी सात वर्षे बिनचूक लक्षात ठेवले. दाराशी बसणाऱ्या बाई माझे फार कौतुक करत. मग पाटीसारखा पातळ असा नवा संगणक आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे शेजारी प्लास्टरच्या कवळ्या होत्या. त्या सदा हसत. मला मात्र हसू येत नसे.

दोन वर्षांनी ताई आली, माझी आताची मालकीण. तिला अक्कलदाढ काढायची होती. सुजल्या गालानेच तिने विचारले, एखादा जुना संगणक पडून आहे का. बाईंनी मला खाली काढले, पुसले आणि तसेच देऊन टाकले. घरी पोचल्यावर तिचे बाबा म्हणाले, "अक्कलदाढ देऊन डबा आणलास. म्हणजे अक्कल कुठे गेली ते कळलं."

बाबा घड्याळे दुरुस्त करतात. खिडकीजवळचे टेबल त्यांचे, त्याखालची जागा माझी. ताईने आईच्या आजारपणात नोकरी सोडली होती. आई गेली, सहा वर्षे सरली, आणि ताई परत काम शोधायला निघाली तर सगळी तंत्रे बदललेली. अर्ज जात, उत्तरे येत नसत. शेवटी एका कार्यालयाने सांगितले, "आमच्याकडे सगळं कुबरनेटिसवर चालतं. ते घरी उभारा, त्यावर एक काम चौदा दिवस न थांबता चालवून दाखवा. मग बोलू." ताईच्या हातात तेवढी एकच संधी होती.

ती कामाला लागली. आधी माझी स्मरणशक्ती वाढवली. त्यासाठीच्या नाजूक पट्ट्या बाबांनी डोळ्याला भिंग लावून बसवल्या. मग ताईने माझ्या एकट्याच्या पोटात तीन आभासी संगणक तयार केले. एका घरात तीन बिऱ्हाडे म्हणा ना! प्रत्येकाला वाटे, सगळे घर आपलेच. पण एकाची नक्कल करून दुसरा केल्यामुळे दोघांची ओळख एकच झाली आणि एकाचे निरोप दुसऱ्याला जाऊ लागले. ताईने दोन दिवस डोके धरले. चूक सापडली तेव्हा स्वतःलाच चार शब्द सुनावले आणि दोघांना वेगळी ओळख दिली.

त्यांच्यावर तिने कुबरनेटिस बसवले. हा एक मुकादमच असतो, मित्रांनो. पहिल्या बिऱ्हाडात मुकादम, उरलेल्या दोघांत कामगार. एक कामगार कोसळला की मुकादम त्याचे काम लगेच दुसऱ्याला देतो. काम तसे साधेच होते. बाबांच्या गिऱ्हाइकांना आपले घड्याळ तयार झाले की नाही, हे घरबसल्या दिसावे.

ताईने मुद्दाम एक कामगार बंद करून दाखवला. काम चालूच राहिले. बाबा बराच वेळ बघत होते. "आपल्या घरात असं कुठे होतं," ते म्हणाले. "मी पडलो तरी तूच, तू पडलीस तरी तूच."

चौदा दिवस सुरू झाले. दहा दिवस मी एका लयीत चाललो. अकराव्या दिवशी दुपारी मला घेरी येऊ लागली. अंग तापले, पंखा खरखरला, तिन्ही बिऱ्हाडे कूर्मगतीने चालू लागली. ताईने टेबलाखाली वाकून पाहिले, तर माझ्या अंगावर जाड प्लास्टिकची खोळ. मागच्या भोकांवरही पट्ट्या चिकटवलेल्या.

बाबा खाली मान घालून म्हणाले, "मीच झाकलं. धूळ जाऊ नये म्हणून."

घड्याळजीची ही सवयच असते. उघडे यंत्र दिसले की त्याच्यावर काचेचे झाकण ठेवायचे. घड्याळाला धूळ मारते. मला श्वास लागतो, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. ताईला राग आला असावा. तिने खोळ काढली, पट्ट्या सोडवल्या. तरी पंख्याची खरखर थांबेना. तो बदलायलाच हवा होता. त्यासाठी मला बंद करायला हवे, आणि मी बंद झालो की मुकादम आणि दोन्ही कामगार एकदमच जाणार. तिघे एकाच घरात राहतात हे ताई इतके दिवस विसरली होती.

"बंद केलं तर अकरा दिवस पाण्यात," ती म्हणाली. "नाही केलं तर हा जळेल."

बाबांनी थोडा विचार केला. "माणूस घड्याळ दुरुस्तीला देतो, तेव्हा मी त्याला मोकळ्या मनगटानं पाठवतो का? माझ्याकडचं एक देतो. म्हणतो, तोवर हे बांधा. तुझ्याकडे असं तोवरचं काही नाही का?"

ताईने आपल्या लॅपटॉपकडे पाहिले.

तासाभरात तो तिसरा कामगार झाला. मुकादमाने त्याला सगळे काम समजावून दिले. गिऱ्हाइके यायची वाटही ताईने त्याच्याकडे वळवली. मग मुकादमालाही निजवले. मुकादम निजला तरी नेमून दिलेले काम कामगार करत राहतो. नवा पंखा कोपऱ्यावरच्या दुकानातून आला होताच. ताईने बटण दाबले आणि मी बंद झालो.

पुढचे मला काय ठाऊक? जाग आली तेव्हा अंग गार होते, पंखा गुपचूप फिरत होता आणि बाबांच्या हातात धूळ झाडायचा बारीक कुंचला होता. चाळीस मिनिटे गेली होती. तेवढ्यात सात गिऱ्हाइकांनी आपले घड्याळ पाहिले होते. एकालाही काही कळले नव्हते.

चौदा दिवस पुरे झाल्यावर ताईने अहवाल लिहिला. त्यात माझी रजाही लिहिली, अगदी खोळीसकट.

"हे कशाला?" बाबांनी विचारले. "कोणाला कळलं असतं?"

"घड्याळ दुरुस्त केलं की झाकणाच्या आत तुम्ही तारीख कोरता ना? कोणाला दिसते ती?"

"पुढच्या घड्याळजीला," बाबा म्हणाले.

कार्यालयाने मुलाखतीत तिला फक्त त्या चाळीस मिनिटांबद्दलच विचारले. ती आता रोज सकाळी कामाला जाते.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. यंत्राची काळजी घेताना आधी त्याला काय लागते ते विचारा. मायेनेही जीव गुदमरतो. आणि अखंड राबणारे कोणी घरात असेल, मग ते यंत्र असो की माणूस, तर ते मोडायची वाट पाहू नका. त्याचे काम थोडा वेळ दुसऱ्याने उचलावे.

आता दर दोन महिन्यांनी एका दुपारी लॅपटॉप माझे काम हाती घेतो. बाबा कुंचला घेऊन खाली बसतात, आणि मी निवांत बंद होतो.