तळघरातली रोपं

लुकेरियानं आयुष्यभर मातीत हात घातले होते. बटाटे, कोबी, बीट, शेपू, लावलं ते आलं. कुणाकडे काही रुजत नसलं की कॅनडातल्या त्या स्लोकनच्या खोऱ्यातल्या बायका तिलाच विचारायला यायच्या. त्यामुळे तळघरातल्या चार रोपांनी माना टाकल्या तेव्हा काळजीच्या आधी तिला राग आला. रोपं गांजाची होती, आणि मातीत नव्हती, पाण्यात होती.

ती नवऱ्यासाठी होती. तिमोफेयचा उभा जन्म लाकडाच्या गिरणीत गेला आणि जाताना पाठ, कंबर, गुडघे सगळं घेऊन गेला. रात्ररात्र तो कूस बदलत राहायचा. शेवटी डॉक्टरीणबाईंनीच हा उपाय सुचवला; घरात चार रोपं लावायला आता कायद्याची हरकतही राहिली नव्हती. त्यांच्या रशियाहून आलेल्या पंथाच्या मंडळींत दारू नाही, तंबाखू नाही, मांस नाही. घरात धूर तर लुकेरिया होऊ देणारच नव्हती. म्हणून ती फुलं वाळवायची, लोण्यात मंद आचेवर शिजवायची, आणि झोपण्याआधी तिमोफेय ते लोणी पावाच्या इवल्याशा तुकड्याला लावून खायचा. मग त्याला झोप लागायची. तो झोपला की तिलाही लागायची.

आधी तिनं रोपं कुंड्यांत लावली होती, पण मातीतली चिलटं घरभर झाली, बोर्शच्या, म्हणजे बीटच्या सुपाच्या, पातेल्यात पडायला लागली. तेव्हा जवळच्या नेल्सन गावातल्या दुकानदारानं बादल्या गळ्यात मारल्या. बादलीत खतपाणी, झाकणाला भोक, भोकात जाळीची टोपली, टोपलीत भाजलेल्या मातीच्या गोळ्या, आणि त्यांतून खाली पाण्यात लोंबणारी मुळं. माशांच्या टाकीला असतो तसा एक पंप नळ्यांतून चारही बादल्यांत बुडबुडे सोडायचा. पहिला हंगाम झकास गेला. दुसऱ्या हंगामात, ऐन जानेवारीत, पानं ओल्या फडक्यासारखी लोंबायला लागली.

तिला वाटलं, भुकेली असतील. तिनं खत वाढवलं. मग वाटलं, गारठली असतील. तिनं बादल्या ओढत ओढत लाकडाच्या भट्टीजवळ नेल्या आणि प्रत्येकीला जुनी गोधडी गुंडाळली. रोपं आणखीच वाकली. मुळं पाण्यात बुडालेली आणि झाड तहानेनं मरायला टेकलेलं, हे कोडं काही तिला सुटेना.

खोऱ्यात हे कोडं सोडवेल असा एक माणूस तिला माहीत होता, आणि त्याच्याशी ती कित्येक वर्षं बोलली नव्हती.

डॅरिल तिचा जावई होता. म्हणजे एकेकाळी. हेच पीक, असंच तळघरात, तेव्हा चोरून घ्यायचा. एका सकाळी पोलीस आले आणि दिवे, पंप, रोपं, शेवटी डॅरिललाही घेऊन गेले. लुकेरियाची मुलगी पॉली कडेवरच्या लेकीला घेऊन आईकडे आली. लुकेरियानं जावयाचे कपडे पोत्यात भरून पायरीवर ठेवले आणि तो जामिनावर सुटून आला तेव्हा दारातूनच सांगितलं की या पायऱ्या पुन्हा चढायच्या नाहीत. तो चढला नाही. शिक्षा भोगून आला, घटस्फोटाच्या कागदावर सही केली, पॉली कॅल्गरीला निघून गेली. डॅरिल खोऱ्यातच राहिला आणि हिवाळ्यात रस्त्यावरचं बर्फ काढायचं यंत्र चालवायला लागला.

ते यंत्र रोज तिच्या घरावरून जायचं. सगळ्यांच्या फाटकांपुढे बर्फाचा बांध टाकत जायचं, आणि तिच्या फाटकापाशी आलं की पातं उचलायचं. तिच्यापुढे बर्फ कधीच साचलं नाही. हे तिला पहिल्या हिवाळ्यापासून ठाऊक होतं. ती त्याबद्दल कुणाशी बोलली नव्हती, तिमोफेयशीसुद्धा.

त्या दिवशी ती शाल घट्ट आवळून फाटकाशी उभी राहिली आणि यंत्र आल्यावर हात वर केला. डॅरिलनं काच खाली केली. दाढी पांढरी झाली होती.

"मिसेस चेर्निशॉफ, सगळं ठीक ना? ते बरे आहेत ना?"

पूर्वी तो तिला आई म्हणायचा. "तो बरा आहे," ती म्हणाली. "तळघरात तुला एक बघायचंय." मग रस्त्याकडे बघत तिनं पुढे जोडलं, "तुझ्या ओळखीचं आहे."

तो हसला नाही, याचं तिला बरं वाटलं.

काम उरकून दुपारी तो आला. पायऱ्यांशी क्षणभर घुटमळला. लुकेरियानं दार सताड उघडं धरलं आणि बाहेरची थंडी आत येतेय म्हणून कुरकुर केली, तेव्हा तो चढला. तिमोफेयनं त्याला बघितलं आणि मधे काही घडलंच नव्हतं अशा थाटात, इतके दिवस होतास कुठे म्हणून फैलावर घेतलं. डॅरिल म्हणाला, रस्त्यावरच होतो.

तळघरात उतरल्यावर मात्र त्याला हसू आवरेना. "गोधड्या कुणी पांघरल्या?"

"मी. थंडी किती आहे बघ की."

त्यानं आधी पानांना हात लावला, देठ वाकवून बघितले. माना दुपारीच पडतात की सकाळीही तशाच असतात, ते विचारलं. ती म्हणाली, आताशा दिवसभर. मग त्यानं एका टोपलीला हात घालून रोप झाकणासकट वर उचललं. तळ्याच्या काठचा कुजका वास सुटला. मुळं तपकिरी झाली होती, बुळबुळीत, एकमेकांना चिकटून त्यांची शेपटी झालेली. डॅरिलनं एक मूळ दोन बोटांत धरून हलकेच ओढलं. वरचं साल हातात आलं आणि आत उरला नुसता दोरा.

"ही शेवयांसारखी पांढरी असायला हवीत," तो म्हणाला. पाण्यात त्यानं बोट बुडवलं आणि तिचाही हात धरून बुडवला. पाणी बाळाच्या आंघोळीचं असावं तसं कोमट होतं.

त्यानं समजावून सांगितलं, अगदी सावकाश. मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते. मातीत ती फटींतून मिळते, इथे ती बुडबुड्यांतून पाण्यातच विरघळावी लागते. पाणी कोमट झालं की त्यात हवा राहत नाही. मुळं गुदमरतात, गुदमरलेल्या मुळांना कुजका रोग धरतो, आणि मेलेलं मूळ पाण्यात बुडालेलं असलं तरी पाणी ओढत नाही. म्हणून वर झाड तहानलेलं. त्यात खत जास्त झालं, म्हणजे आजारी माणसाला मेजवानी.

"म्हणजे मीच मारली," लुकेरिया म्हणाली.

"तुम्ही त्यांना फार जपलंत."

दोघांनी मिळून दुपारभर काम केलं. बादल्या घासल्या, औषधाच्या पाण्यानं धुतल्या, मेलेली मुळं कात्रीनं छाटली, उरलेली स्वच्छ पाण्यात खळबळली. बादल्या भट्टीपासून लांब, गार भिंतीला लावल्या. नव्या पाण्यात खत अगदी बेतानं घातलं आणि पाणी जरा खालीच ठेवलं, म्हणजे वरच्या मुळांना उघडी हवा मिळावी. मुळं कमी झाली तर त्यांनी पोसायची पानंही कमी हवीत, म्हणून थोडी पानं छाटली आणि रोपांवर टांगलेला दिवा उंच चढवला. एक रोप पार गेलं होतं. डॅरिलनं ते मुकाट्यानं बाहेर नेलं. बाकीची तीन पुढच्या आठवड्यात सावरली. उरलेल्या मुळांच्या झुपक्यातून पांढरी टोकं फुटली, ती लुकेरिया चष्मा लावून रोज बघायची.

आणि मग पुन्हा माना पडल्या.

या वेळी पाणी गार होतं, गोधड्या नव्हत्या, खत बेताचं होतं. डॅरिल दोनदा येऊन बघून गेला. पंप चालू, बुडबुडे व्यवस्थित. त्याच्या कपाळावर आठी पडली. लुकेरियानं त्याला जेवायला थांबवलं. निदान तेवढं तरी करावं म्हणून. बोर्श वाढलं, वर साध्या लोण्याचा गोळा, शेजारी कोबीचं सारण भरून भाजलेले पिराहे. तिमोफेयचं आधीच जेवून झालं होतं. त्या खालच्या दिव्याच्या उबेत बसायला हिवाळ्यात त्याला आवडायचं, तो खाली गेला.

स्वयंपाकघराच्या फरशीखालून पंपाची घरघर येत होती. तिची इतकी सवय झाली होती की लुकेरियाला ती ऐकूच यायची नाही. ऐकू आली ती थांबल्यावर.

डॅरिलचा चमचा हवेत राहिला. खाली क्षणभर शांतता पसरली, आणि मग तिमोफेयचा आवाज आला, जाड, थोडा कापरा. तो स्तोत्र म्हणत होता. प्रार्थनासभेत पूर्वी तो खालचा सूर धरायचा आणि अख्खी सभा त्यावर उभी राहायची. गुडघ्यांपायी सभेला जाणं सुटलं, आणि लुकेरियाला वाटलं होतं, गाणंही सुटलं.

ती ताडकन उठली. "पंप बंद करतो हा माणूस. आणि मग वर येतो चहा मागायला, पंपाचं नावही आठवत नाही. मध्येच कधीतरी मीच खाली जाते, बटण बंद दिसलं तर लावते. मला वाटायचं, वीज जाऊन आली असेल."

खरं तर तिला तसं वाटायचं नाही. गेल्या वर्षभरात तिमोफेय बरंच काही विसरायला लागला होता, आणि तो विसरलेलं ती गुपचूप आवरून ठेवायची. चूल बंद करायची, दार लावायची, पंप लावायची. डॅरिलनं तिच्याकडे बघितलं, आणि तिला कळलं की त्याच्या ते ध्यानात आलं.

"बसा आई," तो म्हणाला. "त्यांचं गाणं होऊ दे."

ती बसली. दोघांनी शेवटपर्यंत ऐकलं. बोर्श निवलं.

नंतर डॅरिल खाली गेला, लुकेरिया त्याच्या मागोमाग. त्यानं तिमोफेयला काहीही विचारलं नाही. शेजारी उपड्या बादलीवर बसला आणि म्हणाला, पंप फार आवाज करतो नाही का. तिमोफेय खूश झाला. इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

"आवाजाचं काही नाही रे. त्याचा सूर चुकीचा आहे. माझ्यापेक्षा जरासा खाली. मी सुरुवात केली की मला ओढून नेतो, तोंडात गाणं राहत नाही. आणि या पोरींना गाणं लागतं. बघ, कशा माना खाली घालून ऐकतात."

लुकेरियानं पदरासारखी शाल तोंडाशी धरली. हसावं की रडावं तिला कळेना.

डॅरिलनं लांब नळी आणली. पंप जिन्यातल्या तुळईला दोरीनं टांगला, भिंतीला कुठेही टेकू दिला नाही, आणि मधलं दार लावून घेतलं. बटणावर लाकडी खोकं ठोकलं. तळघरात आता नुसती बुडबुड ऐकू येत होती. तिमोफेयनं कान देऊन ती तपासली आणि चालेल म्हणाला. या आवाजाला सूर नाही, नुसती बडबड आहे. मग लुकेरियाला म्हणाला, "लुशा, वरचा सूर धर. एकट्याचं बरं वाटत नाही."

तिनं पुष्कळ दिवसांत गायलं नव्हतं. तिचा आवाज पहिल्याच ओळीत चिरकला, पण तिमोफेयनं खालून सूर घट्ट धरून ठेवला होता. डॅरिल जिन्यात, हातात हातोडी, पुढे काही ठोकायचं उरलं नसताना उभा राहिला.

रोपं तगली. नंतरच्या दिवसांत डॅरिल रविवारी यायला लागला, कधी मुळं बघायला, कधी नुसताच. डॉक्टरीणबाईंकडे तिमोफेयच्या विसरण्याविषयी बोलायला हवं, हे एकदा त्यानंच काढलं, आणि रस्ते घसरडे आहेत म्हणून दोघांना गाडीनं घेऊनही गेला. बाईंनी त्या रात्रीच्या लोण्याचं प्रमाण कमी केलं आणि पुढच्या तपासण्या सांगितल्या. लुकेरियाला ते ऐकवेना, पण आता निदान एकटीनं ऐकायचं नव्हतं.

त्या आठवड्यात पॉलीचा फोन आला. लुकेरियानं बापाच्या तब्येतीचं सगळं सांगितलं, आणि मग, बटाटे सोलता सोलता बोलावं तसं, डॅरिल घरी येतो हेही सांगितलं. 

"जेवतो का नीट?" पॉलीनं विचारलं.

"दोन दोन वाडगे," लुकेरिया म्हणाली. "आणि पिराहे बांधून नेतो."