बंदच्या दिवशीची खुली स्पर्धा

"सर, स्पर्धा बंद हाय का?"

एवढंच विचारायचं होतं. पण वर्गातल्या पोरींनी त्यावर पैज लावली होती, कारण फोनच्या पलीकडे अकोल्याचे गावंडे सर होते. ते तिथल्या अश्वराज बुद्धिबळ मंडळाचे सचिव, आणि फोनवर खेकसण्याबद्दल त्यांची कीर्ती आमच्या अमरावतीपर्यंत पोचलेली. पायल एसटीडी बूथच्या काचेला नाक लावून उभी होती. "पटावर लय वाघीण होतं ना वो मिस्बाह," ती बाहेरून ओरडली, "आता काहून थंड पडली?"

मी थंड पडणाऱ्यातली नव्हते, निदान त्या वर्षी तरी नाही. नववीपर्यंत मी हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायचे. मग जिल्ह्याच्या स्पर्धेत बीएस्सीच्या एका दादाला हरवलं, आणि तेव्हापासून माझा आवाज जो वर गेला तो खाली आलाच नाही, असं अम्मी म्हणते.

"बंद नाही, खुली हाय," गावंडे सर म्हणाले. "खुली, खुली. कितीकांले सांगू?" आणि फोन आपटला.

मी बूथचं दार ढकलून बाहेर आले आणि छाती काढून सांगितलं, "खुली हाय म्हणे." पैज जिंकली. बर्फाचा गोळा खाल्ला. जीभ लाल झाली.

झालं होतं असं, की कापसाच्या भावासाठी त्या रविवारी वऱ्हाड बंदची हाक होती आणि स्पर्धाही नेमकी त्याच रविवारी. मुलींमध्ये जी पहिली येईल ती राज्याच्या संघात जाणार. आमच्या शाळेतून पायल आणि मी अशा दोघी खेळणार होतो. आम्हाला शिकवायचे देवीदास सर. ते चित्रकलेचे शिक्षक, पण त्यांच्या तासाला आम्ही फळं काढण्यापेक्षा घोडे जास्त चालवायचो. मी फोनवरचं सांगितल्यावर ते म्हणाले, "संयोजकच म्हणतात म्हणजे झालं. आपण रेल्वेनं जाऊ. टायर रस्त्यावर जळतात, रुळावर नाही जळत."

घरी आम्ही उर्दू बोलतो, पण इथं सगळं मराठीतच लिहिते. अब्बांचं गाद्या भरायचं दुकान आहे. ते कापूस पिंजता पिंजता म्हणाले, "बेटा, बंद म्हणजे बंद. बंदमध्ये मी दुकानाची एक फळीसुद्धा काढत नाही."

"अब्बा, मी स्वतः विचारलं. त्यांनी स्वतः सांगितलं."

त्यांनी नाकातोंडावरचा कापूस पुसला. मग म्हणाले, "सरचा हात सोडू नको."

रविवारी सकाळी बडनेऱ्याहून पॅसेंजर पकडली. डब्यात आम्ही तिघं आणि एक बाई आपल्या कोंबड्यांसह. पायलनं छोटा पट काढला आणि मूर्तिजापूर यायच्या आत माझा वजीर खाल्ला. "संघात मीच जाऊन राहिली," ती म्हणाली. "तू येजो मले डब्बा घेऊन." खिडकीतून फाटकापाशी काळा धूर दिसला. सरांनी खिडकी लावून घेतली.

अकोल्यात स्टेशनबाहेर एकही ऑटो नव्हता. रस्त्यावर काचा सांडलेल्या, दुकानांची शटरं खाली, आणि चौकात एक हातगाडी उलटी पडून जळत होती. संत्री भाजल्यावर असा वास येतो हे मला त्या दिवशी कळलं. सर भरभर चालत होते आणि आम्ही जवळजवळ पळत होतो. आता परत फिरावं असं कोणीच म्हणालं नाही, कारण सभागृह समोरच दिसत होतं. त्यावर गच्चीपासून दारापर्यंत लोंबणारा पिवळा फलक: भव्य खुली बुद्धिबळ स्पर्धा. खाली रविवारची तारीख.

दाराला कुलूप होतं.

सरांनी कडी वाजवली. मी जाळीच्या दाराला तोंड लावून आत पाहिलं. आतल्या भिंतीवर काळा फळा होता आणि त्यावर वळणदार अक्षरात खडूनं लिहिलं होतं: 'बंदमुळे स्पर्धा पुढील रविवारी घेण्यात येईल. खेळाडूंनी नोंद घ्यावी.'

मी मोठ्यानं वाचलं. पायल हसली. खरंच हसली. "नोंद घ्यायले आपण आत राहायले पाहिजे होतो," ती म्हणाली.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी घोषणा ऐकू आल्या.

ते पन्नास असतील की दोनशे, मला सांगता येणार नाही. हातात तुराट्या, सळ्या, एकाच्या खांद्यावर कुऱ्हाडीचा दांडा. पुढचा माणूस अब्बांच्या वयाचा होता, गळ्यात हिरवा शेला. तो थांबला, मान वर करून फलक वाचू लागला, आणि त्याचा चेहरा बदलला.

"हे पाहा बे," तो मागच्यांना म्हणाला. "अख्खं वऱ्हाड बंद अन् यायची खुली. भव्य खुली."

"मायच्यान, फलक लावून खुली ठेवली," दुसरा म्हणाला.

देवीदास सर पुढे झाले. पळून जायचं सोडून सर शिकवायला लागले. "भाऊ, तसं नाही. खुली म्हणजे गटाचं नाव हाय. वयाची अट नसते, जिल्ह्याची अट नसते, त्याले खुली स्पर्धा म्हणतात. आज ती बंदच..."

"खुली का बंद, एक सांग."

"स्पर्धा खुली हाय पण आज बंद..."

पहिली थप्पड तिथंच बसली. चष्मा उडाला. सर वाकले तसा कोणीतरी पाठीत दांडा घातला, आणि ओलं पोतं पडावं तसा आवाज झाला. मग सगळेच आले. सळ्यांनी फलक खाली ओढला, त्यावर नाचले, गोटे खिडक्यांवर बसू लागले. काचा आमच्या डोक्यावर पडत होत्या. मी सरांचा हात धरायला गेले तर तो हात कोणाच्या तरी बुटाखाली होता. बोटं वाकडी झालेली दिसली. सर ओरडले नाहीत, नुसते "पोरींनो, पळा" म्हणाले.

पायल पळाली नाही. शाळेचं बुद्धिबळाचं घड्याळ तिच्या पिशवीतून पडलं होतं आणि ती ते उचलायला वाकली. उठली तेव्हाच गोटा आला. खिडकीवर मारलेला होता, तिच्यावर नाही. हे मी नीट पाहिलं आहे, आणि त्यानं काहीच फरक पडत नाही. तिचं डोकं मागे झटकलं. ती खाली बसली, दोन्ही हात डाव्या डोळ्यावर ठेवले, आणि बोटांमधून रक्त कोपरापर्यंत वाहत गेलं.

माझ्या काखेत लाकडी घडीचा पट होता, पितळी बिजागऱ्यांचा. मी तो दोन्ही हातांनी धरला आणि माझ्या सगळ्यात जवळ जो होता त्याच्या तोंडावर हाणला. तो शेलेवाला माणूस होता. बिजागरी त्याच्या ओठात घुसली आणि कट्ट आवाज आला. मी परत हाणला. तो भिंतीला टेकला. मला आनंद झाला. असं लिहू नये, पण झाला. हत्ती, उंट, प्यादी सगळीकडे उडाली होती आणि मी तिसऱ्यांदा पट वर उचलला होता.

त्यानं हात जोडले नाहीत की हात उगारला नाही. त्यानं तोंडातून रक्त थुंकलं, त्यात दोन दात होते, आणि माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. "पोट्टीले लागलं," तो म्हणाला, नीट बोलता येत नव्हतं त्याला. मग ओरडला, "थांबा बे, पोट्टीले लागलं."

कोणी थांबलं नाही. सर रांगत रांगत पायलपर्यंत पोचले होते आणि तिच्यावर पालथे पडले होते, आणि दोघं-तिघं त्यांच्या बरगड्यांत लाथा घालत होते. शेलेवाल्यानं त्यातल्या एकाची मान धरून त्याला मागे फेकलं. मग शिट्ट्या वाजल्या, पोलिस आले, आणि पोलिसांच्या काठ्या कोण कोणत्या बाजूचा हे विचारत नाहीत. देवीदास सर जमिनीवर होते म्हणून त्यांना आणखी दोन बसल्या. शेलेवाल्याचं डोस्कं फुटलं. मला दंडावर एक बसली. ती जागा पुढे बरेच दिवस जांभळी होती.

दवाखान्यात पायलला आत नेलं आणि मी सरांजवळ बाकावर बसले. सरांच्या उजव्या हाताला लाकडी पट्टी बांधली होती. ज्या हातानं ते झाडं काढायचे तो हात. इस्त्रीचा शर्ट घालून गावंडे सर आले. फोनवर असतात त्यापेक्षा बुटके होते.

"अरे, आलेच कशाले तुमी?" ते म्हणाले. "पुढे ढकलली हे अख्ख्या अकोल्याले माहीत होतं."

"आमी अकोल्याचे नाही," मी म्हणाले. "मी फोन केला होता. बंद हाय का म्हणून विचारलं. तुमी म्हटलं खुली हाय."

मला दिसलं की त्यांना आठवलं. "ती तू का," ते हळूच म्हणाले. "बाप्पा, दरवर्षी आपली स्पर्धा बंद राहायची, फक्त अकोला जिल्ह्यापुरती. यंदा पहिल्यांदा खुली केली, तर सारे तेच विचारत होते, बंद का खुली. मले वाटलं तूही तेच विचारून राहिली. तुले नवीन तारीख माहीत असन, असं मी धरून चाललो."

"कशी माहीत राहीन? फळा तर आत होता."

"बाहेरगावच्यांचे नंबर नसतात आमच्यापाशी."

"शाळेचा नंबर दिला होता," देवीदास सर म्हणाले. ओठ सुजले होते, तरी स्पष्ट म्हणाले. "प्रवेशाच्या अर्जावरच."

"खेळायले या सांगायचं होतं तेव्हा रिक्षावर भोंगा लावून आमच्या अमरावतीत गावभर फिरले," मी म्हणाले. "येऊ नका सांगायले खडू काढला. तोही कुलपाच्या आत." माझा आवाज इतका वर गेला की नर्सनं येऊन मला बाहेर काढलं.

पायलच्या डाव्या डोळ्याला आता उजेड कळतो. पंजा समोर धरला तर काहीतरी हललं एवढं कळतं. पट दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नका.

गावंडे सरांनी पोलिसांना जबाब दिला. सगळ्या खेळाडूंना वेळेत कळवलं होतं, देवीदास सरांनी हट्टानं, स्वतःच्या जबाबदारीवर मुली आणल्या, असा. शाळेनं सरांना निलंबित केलं. मोहल्ल्यात, शाळेत, पायलच्या गल्लीत सगळे म्हणू लागले की मास्तरला बक्षिसाची हाव होती. पायलची आई, मैनामावशी, सरांच्या दारात जाऊन शिव्या देऊन आली. सरांनी दार उघडलं आणि उभे राहून सगळ्या ऐकल्या, असं ती स्वतःच सांगत होती, आणि सांगता सांगता रडत होती.

मी पायलला विचारलं, "तू होती ना बूथपाशी. तू सांग ना त्यांना."

"मी काचेच्या बाहेर होती वो," पायल म्हणाली. पट्टी काढली होती, डोळा दुधासारखा दिसत होता. "मले तू सांगितलं तेवढंच माहीत. त्याचा आवाज तू ऐकला. तुह्याशिवाय कोणीच नाही ऐकला."

मग गावंडे सर आमच्या दुकानात आले, पेढे घेऊन. अब्बांना म्हणाले, दाऊदभाई, दंग्यानं राहिलेली स्पर्धा आता घेऊन राहिलो, तुमच्या पोरीले संघात थेट जागा देतो, खेळ चांगला हाय तिचा. आणि सहज म्हणावं तसं म्हणाले, "जबाब-बिबाबात लेकरू कशाले अडकवता. त्या माणसाचे दात कोणी पाडले हे मले दवाखान्यात समजलं, पोलिसाईले अजून माहीत नाही. मी तरी कशाले सांगू?"

अब्बांनी पेढ्यांचा पुडा उघडला नाही, परतही दिला नाही. तो कापसाच्या ढिगावर पडून राहिला.

संध्याकाळी घरी अम्मी सुरू झाली. तिला सगळं एकदम बोलायचं होतं. "दहावीचं वर्ष. मुलीची जात. त्यातून आपण मुसलमान, बंदच्या दंगलीत आपलं नाव ठाण्यात लिहिलं की पुसतं का कधी? आणि तू तर एका माणसाचं तोंड फोडून आली. त्या मास्तरला देव बघून घेईल."

"सरांनी पायलला झाकलं, अम्मी," मी म्हणाले. "स्वतःच्या बरगड्यांनी झाकलं."

"मला माहीत आहे," अम्मी म्हणाली आणि ताटात बघू लागली. "म्हणून तर मला झोप लागत नाही."

अब्बांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "संघात जायचं होतं ना तुला?"

"होतं. अजूनही आहे."

"मग?"

मी ताट बाजूला सारलं आणि उभी राहिले, कारण बसून सांगायची ही गोष्ट नव्हती. मी म्हणाले, "अम्मी, अब्बा, उद्या शाळा बुडवून मी अकोल्याच्या ठाण्यात जाऊन जबाब देणार आहे. मी काय विचारलं, ते काय म्हणाले, आणि दात मी पाडले, सगळं सांगणार आहे. अब्बा, तुम्ही सोबत आलात तर बरं होईल. नाही आलात तर मी मैनामावशीला घेऊन जाईन."