मागून घेतलेला आधार

दुसऱ्या मजल्याच्या अलीकडच्या वळणावर बाईंनी अंगाचा सगळा भार सेक्रेटरींच्या दंडावर टाकला आणि डोळे मिटून घेतले.

"थांबायचं?" सेक्रेटरींनी विचारलं.

"थांबायलाच हवं. गुडघे ऐकत नाहीत."

गुडघे त्या दिवशी बऱ्यापैकी ऐकत होते. पण समोरच्या दाराआड कोणीतरी चपला शोधत असल्याचा आवाज बाईंना आला होता, आणि तो माणूस बाहेर येईपर्यंत त्यांना तिथून हलायचं नव्हतं. दार उघडलं. शेजाऱ्याला दिसलं ते असं: एके काळचे क्रीडाशिक्षक, आता इमारतीचे सेक्रेटरी, खांद्याला बायकी पर्स लटकवून, काखेत एक्स-रेचं भलंमोठं पाकीट धरून खांबासारखे उभे आहेत आणि त्यांना टेकून तिसऱ्या मजल्यावरच्या ग्रंथपालबाई दम खाताहेत.

"नमस्कार, सर," शेजारी म्हणाला आणि ओठांतलं हसू आवरत खाली गेला.

बाईंनी डोळे उघडले. "चला," त्या म्हणाल्या.

संधिवात बाईंना तरुणपणीच जडला होता. आधी बोटं वाकडी झाली, मग मनगटं, मग गुडघे. जाडजूड बांधीव खंड उचलता येईनात तेव्हा त्यांनी ते छातीशी कवटाळून न्यायची युक्ती काढली, आणि वाचकांना वाटायचं, बाईंचं पुस्तकांवर केवढं प्रेम. अशा युक्त्यांवर त्यांनी नोकरी निभावली. मदत म्हणून कोणाकडे मागितली नाही. पण गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी नवी इंजेक्शनं सुरू केली. दर आठवड्याला ती घेऊन परतताना घेरी यायची आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. शेवटी मनाचा हिय्या करून त्या रहिवाशांच्या सभेत उभ्या राहिल्या. एकच वाक्य त्यांनी कितीतरी दिवस घोकलं होतं: इस्पितळाच्या दिवशी जिन्यात कोणीतरी हात द्यावा, वाटल्यास पाळ्या लावाव्यात.

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मग सेक्रेटरी म्हणाले, "बाई, ही राहती इमारत आहे, दवाखाना नव्हे. आणि रागावू नका, पण सांधे तुम्ही बसून बसून गंजवलेत. माझं वय बघा."

एवढं बोलून ते खुर्चीतून उठले आणि हाताची घडी घालून सर्वांसमोर भराभर उठाबशा काढू लागले. लोक हसले. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता. आपल्यावरची पाळी टळली याचा सुस्कारा होता. बाईही हसल्या. घरी येऊन दिवा न लावता त्या खुर्चीत बसून राहिल्या तेव्हा त्यांना सर्वांत जास्त झोंबलं ते हेच, की त्या हसण्यात आपणही हसलो.

पुढच्या सभेत तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंनी विषय पुन्हा काढला. मागच्या सभेतलं हसणं बहुधा त्यांच्या मनाला लागलं होतं. "बाई, सांगा ना, कशी मदत करू या?"

"पाळ्या नकोत," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "सर एकटे पुरेत. त्यांच्याइतके दणकट गुडघे इमारतीत दुसऱ्या कोणाचे नाहीत, हे आपण सगळ्यांनी पाहिलंच आहे."

टाळ्या पडल्या. सेक्रेटरींना हो म्हणण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

तेव्हापासून दर आठवड्याला हा सोहळा चालला होता. सेक्रेटरी त्यांना गाडीपर्यंत उतरवून द्यायचे आणि परतल्या की वर आणायचे. बाईंच्या धाकट्या बहिणीला फोनवर सगळी हकिगत कळत असे.

"ताई, तू सूड उगवतेयस की व्यायाम करतेयस?"

"दोन्ही. पर्स मुद्दाम ती लाल घेते. मोत्यांची."

"अगं, ती तर लग्नातली!"

"त्यांच्या खांद्यावर शोभते."

बहीण हसून हसून बेजार झाली आणि मग एकदम म्हणाली, "पण तुला बरं वाटतंय ना आता? आवाज चांगला येतोय."

बाईंनी विषय बदलला. बरं वाटत होतं, हीच तर पंचाईत होती. इंजेक्शनं लागू पडली होती. सकाळी बोटं मिटत होती, बरणीचं झाकण उघडत होतं, आणि एका दुपारी, जिन्यात कोणी नसताना, त्या तळमजल्यापासून घरापर्यंत न थांबता चढून आल्या होत्या. दारात उभं राहून त्यांना रडू आलं. मग त्यांनी डोळे पुसले आणि ठरवलं की हे कोणाला सांगायचं नाही. इतकी वर्षं दुखत असताना दुखत नाही असं दाखवलं; आता उलट दाखवायला कितीसे कष्ट पडणार?

मात्र दुसरीकडे काहीतरी बिनसलं होतं. लोकांचं हसू हळूहळू ओसरलं आणि त्या जागी कौतुक आलं. "सरांनी मनावर घेतलं हो," असं जो तो म्हणू लागला. शिंपीणबाई तर त्यांना वाटेत थांबवून पाणी देऊ लागल्या. बाईंच्या तोंडाला कडवट चव आली. आपण त्यांची शोभा करायला निघालो आणि लोकांनी त्यांना हार घातला.

आणखीही एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली, पण जरा उशिरा. हल्ली "थांबायचं?" हे सेक्रेटरी आधी विचारत. वळण यायच्या आधीच विचारत.

फाटलेलं पुस्तक परत करायला येणारा माणूस टेबलापाशी नेहमीपेक्षा जास्त गप्पा मारतो, हे बाईंनी नोकरीत शेकडो वेळा पाहिलं होतं. सेक्रेटरी जिन्यात अलीकडे फार बोलत. पाण्याच्या टाकीबद्दल, रंगकामाबद्दल. बाई त्यांच्या बोलण्याकडे लक्ष देईनाशा झाल्या आणि त्यांच्याकडे बघू लागल्या. उजवा हात सदैव पँटच्या खिशात. कापडाआड अंगठा सारखा हलत असलेला, जणू ते बोटांत काही वळत आहेत. बुटांच्या नाड्या गेल्या होत्या, नुसते पायात सरकवायचे जोडे आले होते. आणि पहिल्या पायरीशी ते दर वेळी अडत. पाऊल उचलायचं मनात असायचं, पाऊल जमिनीला चिकटलेलं असायचं. तेवढ्यात ते बाईंकडे वळून म्हणत, "सावकाश, बाई, सावकाश."

बाईंना स्वतःची सुरुवातीची वर्षं आठवली. तेव्हा त्या शेजारणीच्या लहानग्या मुलीचं बोट धरून जिना चढत. लोकांना वाटायचं, मुलीसाठी हळू चालतात.

म्हणजे आपण यांच्यासाठी तेच बोट झालो आहोत तर. त्या रात्री त्यांचं जेवणात लक्ष लागलं नाही. एकदा वाटलं, या माणसाला हे कळत असेल का, की स्वतःला काय होतंय? डॉक्टरकडे गेला असेल का? एकटाच गेला असेल. घरी कोण आहे त्याचं? मग पुन्हा ती सभा डोळ्यांसमोर आली, घडी घातलेले हात, खाली-वर होणारं डोकं, आणि आपलं ते लाचार हसू. तरीही, त्यांनी ठरवलं, बघू. निदान गप्प राहू.

पुढच्या आठवड्यात त्या इस्पितळातून परतल्या तेव्हा शिंपीणबाई दाराबाहेर खुर्ची टाकून काजं करत बसल्या होत्या. सेक्रेटरी पायरीपाशी आले आणि थबकले. बाईंच्या दंडाला धरलेला त्यांचा डावा हात घट्ट झाला.

"किती थांबावं लागतं हो तुम्हाला यांच्यापायी," शिंपीणबाई कळवळून म्हणाल्या. "तुमच्यासारख्या चपळ माणसाला."

बाईंनी सेक्रेटरींकडे पाहिलं. 'तसं नाही' एवढा शब्द, निदान नकारार्थी मान हलवणं तरी. तेवढ्यानेही चाललं असतं.

"आता घेतलंय अंगावर," सेक्रेटरी उसासा टाकून म्हणाले. "काय करणार, त्यांना पायच उचलवत नाही."

बाईंनी आपला दंड सोडवून घेतला. लाल पर्स त्यांच्या खांद्यावरून काढून स्वतःच्या खांद्याला लावली, पाकीट काखेत धरलं.

"बाई, अहो," शिंपीणबाई उठल्याच.

"बसा तुम्ही. काजं राहतील."

त्या चढू लागल्या. पहिल्या वळणावर थांबल्या नाहीत. दुसऱ्या वळणावरही नाही. मागे पावलं वाजत नव्हती. इंजेक्शनाची घेरी होती, एका गुडघ्यात काहीतरी कचकन सरकलं, पण त्यांनी कठडाही धरला नाही. तिसऱ्या मजल्यावर आल्यावरच त्या वळल्या आणि जिन्याच्या पोकळीतून खाली पाहिलं.

सेक्रेटरी पहिल्या पायरीपाशीच उभे होते. उजवा हात खिशातून बाहेर आला होता आणि थरथरत होता. तो त्यांनी डाव्या हाताने धरून ठेवला होता.

"सर, बाई तर पोचल्यासुद्धा," शिंपीणबाई गोंधळून म्हणाल्या. "तुम्ही का नाही चढत?"

ते पायरीकडेच पाहत राहिले.

"सर," बाईंनी वरून हाक मारली. त्यांचा आवाज वाचनालयात कधी चढला नव्हता. जिन्यात तो चांगलाच घुमला. "हात हवाय का?"

मधल्या मजल्यांवर एकदोन दारं उघडली. सेक्रेटरींनी मान वर केली. इतक्या उंचीवरून त्यांचा चेहरा लहान दिसत होता.

"नको," ते म्हणाले.

"बरं."

पण बाई घरात गेल्या नाहीत. गुडघ्यांत आता खरोखरच कळ उठली होती आणि उद्याचा दिवस अंथरुणात जाणार हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पर्स आणि पाकीट दाराशी ठेवलं, वाकडी बोटं कठड्यावर एकात एक गुंतवली, आणि खालून सर पुढे काय म्हणतात ते नीट ऐकू यावं म्हणून किंचित वाकून उभ्या राहिल्या.