दोन मिनिटं बोलायचं

रूपालीच्या इंग्रजीत तशी खोट नव्हती. वाचण्यात, लिहिण्यात, ऐकण्यात तिला चांगले गुण पडत. बोलण्याच्या परीक्षेत मात्र ती दोनदा आपटली होती. परदेशातल्या विद्यापीठाला बोलण्यात साडेसहा गुण लागत, हिला साडेपाच पडत. येत्या शनिवारी हुबळीला तिसरी खेप होती. प्रवेशाची मुदत संपत आलेली, म्हणजे हीच शेवटची.

क्लासच्या चिन्मय सरांनी दुखणं बरोबर ओळखलं होतं. "समोर वडीलधारं माणूस बसलं की ही दोन वाक्यांत गप्प होते. घरातल्याच कुणाला तरी परीक्षक करून बसवा."

घरात वडीलधारे एकटे तिचे वडील, नागोजीआप्पा. मोठ्यांनी विचारलं की व्हय नाहीतर न्हाय म्हणायचं, वर तोंड करून लांबण लावायची नाही, ही शिस्त कंग्राळी गावातल्या त्या घरात त्यांनीच लावलेली. आता तीच मोडायला ते रोज सकाळी, ती कामावर जायच्या आधी, खुर्चीत बसत. परीक्षेत कार्डावर येईल त्या विषयावर दोन मिनिटं बोलायचं, म्हणून हातात मोबाईल, त्यावर दोन मिनिटांचा गजर. इंग्रजी त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. आज नववा दिवस. दोघंही कंटाळली होती.

"काल चाळीस सेकंदांत आटोपलंस गं. आमची म्हस तरी जास्त वेळ हंबरते."

रूपाली हसली नाही. सरांनी दिलेल्या गठ्ठ्यातलं एक कार्ड तिनं उचललं, वाचलं आणि परत ठेवलं. "हे नको. दुसरं घेते."

"परीक्षेत दुसरं देत्यात?"

"न्हाय."

"मग हेच. काय लिवलंय?"

"घरच्या माणसाचा, आपल्याला न पटलेला एखादा निर्णय."

आप्पांनी गजर लावला. "बोल."

ती खाली बघून सुरू झाली. आप्पा रोजच्यासारखे कौलं न्याहाळत बसले. मग एक शब्द कानात शिरला. धारवाड. थोड्या वेळानं पुन्हा धारवाड. मग हॉस्टेल. मग 'माय फादर'.

आप्पा सावरून बसले. बारावीनंतर तिला धारवाडच्या कॉलेजात जागा मिळाली होती. त्यांनी एका शब्दात नको म्हटलं होतं आणि तिनं एका शब्दात बरं. त्याला सात वर्षं झाली. विषय पुन्हा निघाला नव्हता.

ती थांबली. पुरे म्हणायला आप्पांचा हात उठलाच होता. तो त्यांनी गुडघ्यावर दाबून ठेवला.

"अजून पन्नास सेकंद हायत."

तिनं मान वर केली आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडं बघून बोलू लागली. अडखळत, पण बोलत राहिली. गजर वाजला.

"झाली दोन मिनटं." आप्पांनी गजर बंद केला. "धारवाडला धाडलं न्हाय, त्येच न्हवं?"

"व्हय."

पुन्हा एकच शब्द. आप्पांनी मोबाईल बाजूला ठेवला.

"एवढ्यावर थांबू नगंस. पुढं बोल."

"गजर झालाय, आप्पा."

"परीक्षा झाली गं. आता मला कळंल असं सांग."

बस यायला दहा मिनिटं होती. रूपालीनं पिशवी खांद्यावरनं उतरवली. ती त्यांच्यासमोर बसली.

"मला तवा तुमचा लई राग आलता," ती म्हणाली, आणि थांबली नाही.