‘कामाला येईल’ म्हणून ठेवलेली वायर

मी एक जुनी क्लच वायर आहे. खरं सांगायचं तर अर्धीच. हसू नका, मित्रांनो. तलवारी, किल्ले आणि वडाची झाडं यांनी आपापल्या कहाण्या तुम्हाला केव्हाच सांगून टाकल्या असतील. आमच्यासारख्यांना विचारतो कोण? म्हणून आज मीच बोलायचं ठरवलं आहे. माझ्या हातून एक वाईट काम झालं, ते मनात ठेवून लोंबकळत राहण्याचा मला कंटाळा आला आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. बारीक बारीक तारा एकमेकींना पीळ देऊन मला घडवलं, टोकाला एक धातूचा मणी बसवला आणि काळ्या नळीत घालून दुकानात पाठवलं. तिथून मला नूर महंमद मिस्त्रींनी आणलं. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी जिथे रस्ता फुटतो, तिथे त्यांचं गॅरेज आहे. त्यांनी मला रुपचंद नानांच्या मोटारसायकलीत बसवलं.

काम सोपं होतं. नानांनी क्लच दाबला की मी ओढली जायची, त्यांनी सोडला की स्प्रिंग मला जागेवर नेई. ओढायचं आणि सोडायचं, दिवसातून शेकडो वेळा. दुधाच्या किटल्या, चाऱ्याचे भारे, शिरपूरच्या बाजाराला निघालेल्या नानांच्या पत्नी भागाबाई, परीक्षेला उशीर झालेली त्यांची लेक दिपमाला, या सगळ्यांना मी पोहोचवलं. लोक म्हणायचे, “नाना, गाडी लोण्यासारखी चालते तुमची!” कौतुक गाडीचं व्हायचं. पण मी एक दिवस रुसले असते तर गाडीला ढकलत न्यावं लागलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

एकदा तसं झालंही. चढावर माझा मणी निखळला. नूर महंमद मिस्त्रींनी मला फेकून दिलं नाही. त्यांनी टोक घासलं, डाग दिला आणि आपल्या हाताने नवा मणी घडवला. तो जरासा वाकडा झाला, पण आधीच्यापेक्षा मजबूत. हा वाकडा मणी लक्षात ठेवा.

आमचा रोजचा फेरा नानांच्या वावराकडे. चार एकर वावर आणि त्याला लागून नऊ एकर मालकीचं रान. रानात अंजन, टेंभुर्णी, पळस आणि कमरेइतकं गवत. हे रान नानांचे वडील झुलाल आबा यांनी राखलेलं. आबा तरुणपणी हरणांच्या शिकारीला जात, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. पुढे त्यांनी शिकार सोडली आणि रानाचे नियम घालून दिले. अंजनाचा पाला आळीपाळीने छाटायचा, एका झाडाला दोन वर्षं लागोपाठ हात लावायचा नाही. होळीच्या आधी बांधाकडेचं गवत खरवडून काढायचं, म्हणजे बाहेरची आग आत शिरत नाही. दिवाळीनंतर गवत कापायचं, पण नाल्याकडचा कोपरा उभा ठेवायचा. त्या कोपऱ्याला घरात ‘हरणांचा वाटा’ म्हणत. आबांचं एक वाक्य नाना गाडीवरून जाताना कोणालाही ऐकवत, “तेसना वाटा रानमा ठेवा, नहीते त्या वावरमा ईसन लेतस.” रानात वाटा ठेवला नाही, तर हरणं वावरात येऊन तो घेणारच.

पण सांगणं वेगळं आणि पाळणं वेगळं, नाही का?

काही वर्षांनी माझे दोन-तीन पदर तुटले. मिस्त्रींनी नवी वायर बसवली आणि मला ते भंगारात टाकणार, तेवढ्यात नाना म्हणाले, “राहू दे नूरभाई, कामले ई.” कामाला येईल! हे ऐकून मला किती आनंद झाला म्हणून सांगू! नानांनी मला गुंडाळून खिशात घातलं आणि वावरातल्या खोपटीत खुंटीला अडकवलं. त्यानंतर दोन वर्षं माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. एक कोळीण मात्र माझ्यावर रोज जाळं विणत होती. मी मनात म्हणायची, थांब बाई, आज नाही तर उद्या मला काम मिळणार आहे.

काम मिळालं, मित्रांनो. न मिळतं तर फार बरं झालं असतं.

त्या वर्षी आबा राहिले नव्हते. दिवाळीनंतर गवत घ्यायला ट्रॅक्टर आला, कापणारे हात होते, हवा कोरडी होती. नानांनी विचार केला, कोपरा तरी कशाला सोडायचा? कापणी नाल्यापर्यंत झाली आणि हरणांचा वाटा ट्रॅक्टरमध्ये चढला. पौषात हरभरा हिरवागार झाला आणि आबांचं वाक्य खरं ठरलं. रात्रीतून हरभऱ्याचे शेंडे जाऊ लागले. रानडुकरंही यायची. नानांचा चुलतभाऊ अभिमन म्हणाला, “नाना, फास लाय ना. जुनी वायर शे ना तुनापान?”

नानांनी मला खुंटीवरून काढलं. कोळिणीचं जाळं पुसलं. मण्याच्या टोकाला वळण देऊन एक लहान डोळा केला. वाकड्या मण्यामुळे पीळ निसटेना, म्हणून नाना खूशही झाले. दुसरं टोक त्या डोळ्यातून ओवून त्यांनी अंजनाच्या मुळाला बांधलं. मला वाटलं, बांधाचं कुंपण करतायत. फास म्हणजे काय ते मला कुठे माहीत होतं?

पहाटे ते कळलं. माझ्यात एक पाय आला. बारीक, उबदार, थरथरणारा. तो डुकराचा नव्हता. ती हरणी होती. वनखात्याचे लोक तिला चिंकारा म्हणतात, गावात नुसतं हरीन. तिने ओढलं, मी आवळले. तिने आणखी ओढलं, मी आणखी आवळले. मी वाट पाहत राहिले की आता कोणीतरी क्लच सोडेल आणि स्प्रिंग मला मागे नेईल. फासाला स्प्रिंग नसते, मित्रांनो. मी त्या पायाचं कातडं कापलं. मी रडू शकत नाही, पण त्या पहाटे रडले असते.

उन्हं वर आली तेव्हा भागाबाई हरभऱ्याची भाजी खुडायला आल्या. त्यांनी हरणी पाहिली आणि हातातली टोपली टाकून धावल्या. खोपटीतलं गोणपाट आणून त्यांनी तिच्या डोळ्यांवर टाकलं, मान मांडीवर घेतली. डोळ्यांपुढे अंधार झाला तशी ती शांत झाली. भागाबाईंच्या हाकेने नाना आले, अभिमनही आला. अभिमनच्या कमरेला विळा होता.

“चूपचाप कापी टाकूत,” तो हळूच म्हणाला. “कोनले मालूम पडाव नही. वाटा करी लेवूत.”

नाना हरणीजवळ खाली बसले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. हरणी मेली तर पाप, जिवंत सापडली तर तुरुंग, असं त्यांच्या मनात चाललं असणार. झाडं मालकाची असली तरी हरीण मालकाचं नसतं, हे त्यांना माहीत होतं.

“हात लावशी तर दख!” भागाबाई कडाडल्या. मग त्या नवऱ्याकडे वळल्या आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. “पोटुशी शे ती. आबानी तिना वाटा ठेवेल व्हता, तो तुम्ही काढी लिधा. आते तिना जीव बी लेतस का?”

नानांनी माझी गाठ सोडवायचा प्रयत्न केला. बोटं रक्ताळली, पण मी इतकी रुतले होते की गाठ हाताने निघेना. मग ते उठले, गाडीवर बसले आणि गेले. अभिमनही विळा घेऊन पाय आपटत निघून गेला. माझ्या जागी बसलेल्या नव्या वायरीचा आवाज मी दूरवर ऐकला. ओढणं आणि सोडणं. मला तिचा फार हेवा वाटला.

नाना परतले ते नूर महंमद मिस्त्रींना मागे बसवून. मिस्त्रींनी कटर काढलं, खाली वाकले आणि थांबले. त्यांनी माझ्या टोकावर अंगठा फिरवला.

“नाना, हाऊ मणी मना हातना शे,” ते म्हणाले. “मी वायर गाडी चालाडाले दिधी व्हती.”

नाना मान खाली घालून म्हणाले, “फास मीच लायेल शे, नूरभाई. तू काप.”

कट्! माझे दोन तुकडे झाले. आयुष्यात पहिल्यांदा तुटताना मला बरं वाटलं. हरणी उठली, पडली, पुन्हा उठली आणि तीन पायांवर रानात गेली. इकडून तिकडून तारा आणून नानांनी बांधावर लावलेले आणखी चार फास भागाबाईंनी समोर उभं राहून काढवले. त्याच दुपारी नाना स्वतः वनरक्षकाकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. गुन्हा नोंदला गेला, अजून तारखा चालू आहेत. पण ते ती गोष्ट कोणापासून लपवत नाहीत.

मुळाला बांधलेला माझा भाग जप्त झाला. वाकड्या मण्याचा हा तुकडा हरणीच्या पायातून सुटून गवतात पडला होता. पंचनामा उरकल्यावर तो भागाबाईंना सापडला. त्यांनी तो मिस्त्रींना नेऊन दिला आणि मिस्त्रींनी गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला टांगला. कोणी जुनी वायर मागितली की ते माझ्याकडे बोट दाखवतात, मग जुन्या वायरीचे बोटभर तुकडे करून डब्यात टाकतात.

मागच्या हिवाळ्यात भागाबाई पंक्चर काढायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “कोपरामा गवत उभं ठेयं, नूरभाई. ती लंगडी हरीन उनी व्हती. मांगे पिल्लू व्हतं.” मिस्त्रींनी हातातलं काम थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला त्या दिवशी अंगावरचा गंजही हलका वाटला.

आणि परवा नानांच्या गाडीची ती नवी वायरही झिजली. मिस्त्रींनी ती काढली. नानांचा हात सवयीने पुढे आला. “राहू दे, कामले...” एवढं बोलून ते थांबले. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. पुढे केलेला हात मागे घेतला.

“काप नूरभाई,” ते म्हणाले. “बारीक बारीक काप.”

मित्रांनो, तुमच्याही घरात खुंटीला, माळ्यावर, डब्यात कितीतरी वस्तू ‘कामाला येईल’ म्हणून पडून असतील. त्यांना जपा, त्या आनंदाने वाट पाहत असतात. पण खुंटीवरून काढताना एकदा विचारा, कोणत्या कामाला? आम्हाला नाही म्हणता येत नाही. ते तुम्हालाच म्हणावं लागेल.