पायी गस्त

वस्तीत तिला सगळे चिटणीसबाई म्हणत. एका शाळेच्या कचेरीत तीस वर्षं कारकुनी करून ती निवृत्त झाली आणि महिन्याभरात रहिवासी समितीचं दप्तर तिच्या गळ्यात पडलं. अर्ज, ठराव, स्मरणपत्रं यांचा तिला कधी कंटाळा आला नाही. "आमची धाकटी कागदाला घाबरत नाही, कागदच तिला वचकून असतो," असं तिचा दादा येईल-जाईल त्याला सांगायचा.

दादा तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. उभा जन्म त्याने दुकानांच्या पाट्या रंगवल्या. आईवडील लवकर गेले, तेव्हा शिडीवर चढून रंगवलेल्या त्या अक्षरांवरच बहिणीचं शिक्षण झालं. लग्न दोघांनीही केलं नाही. दोन खोल्यांत दोघं, सकाळी एक वर्तमानपत्र अर्धं अर्धं फाडून वाचायचं आणि मग अर्ध्यांची अदलाबदल करायची, असं त्यांचं चाललं होतं.

अलीकडे दादा एकच गोष्ट तीनतीनदा विचारी. चष्मा डोळ्यांवर असताना घरभर शोधी. अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे, व्हायचंच, म्हणून ती सोडून देई. दुपारी ती समितीच्या खोलीत बसायची आणि तेव्हा तो पाय मोकळे करायला बाहेर पडायचा, एवढं तिला ठाऊक होतं. चारच्या सुमारास ती घरी यावी आणि पाठोपाठ दारात दादाचा आवाज यावा, "बघ, कुणाला धरून आणलंय! चहा टाक."

धरून आणलेला असायचा वस्तीचा हवालदार. कोपऱ्यावरच्या एका खोलीच्या चौकीत तो एकटाच बसे आणि दिवसातून दोनदा पायी गस्त घाली. आला की टोपी गुडघ्यावर ठेवून स्टुलाच्या कडेवर टेकायचा, चहा प्यायचा, "येतो बाई" म्हणून निघायचा. आठवड्यातून एकदा होतं, ते पुढे तीनदा-चारदा व्हायला लागलं. चिटणीसबाईंच्या कपाळावर आठी चढू लागली. सरकारचा पगार खाऊन हा माणूस भर दुपारी लोकांच्या घरी चहा ढोसतो, आणि इकडे सायकली चोरीला जातात, नळाच्या तोट्या उपटून नेतात!

त्याच वर्षी नगरपालिकेने वस्ती अनुदान जाहीर केलं. सुरक्षेसाठी काय हवं ते रहिवाशांनीच ठरवायचं होतं. काही जण म्हणाले, चौकीची गळकी खोली दुरुस्त करून घेऊ, म्हणजे पोलीस खातं ती बंद करायची भाषा करणार नाही. काहींना कॅमेरे हवे होते. सभेत बराच वेळ रेटारेटी झाली. शेवटी चिटणीसबाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "कॅमेरे चोवीस तास जागे असतात. रजा मागत नाहीत. आणि मुख्य म्हणजे, कॅमेरे चहा पीत नाहीत."

सगळी सभा खो खो हसली. मागे दाराशी हवालदार उभा होता. तोही हसला. हात वर झाले, ठराव झाला, आणि तिने असा काही अर्ज लिहिला की अडतीस वस्त्यांमधून पहिल्या फटक्याला मंजूर झाला. "पायी गस्त आता उपयोगाची राहिलेली नाही" हे वाक्य लिहिताना पेन जराही अडखळलं नव्हतं.

कॅमेरे बसायला लागले. माणसं कमीच आहेत, असं म्हणत पोलीस खात्याने चौकीला कुलूप घातलं आणि हवालदाराची बदली गावाच्या पार दुसऱ्या टोकाला झाली. जायच्या दिवशी तो घरी आला. ती दारातच होती, खांब कुठे रोवायचा ते कामगारांना दाखवत.

"बाई, दोन मिनिटं बोलायचं होतं. काकांबद्दल."

"आत्ता नको हो, माणसं खोळंबलीत. उद्या या."

"उद्यापासून मी तिकडे असेन."

"मग फोन करा ना."

तेवढ्यात आतून दादा आला. "जाऊ दे गं त्याला. त्याला कामं असतील," तो म्हणाला. हवालदार क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला, मग मान हलवून निघून गेला. फोन काही आला नाही. तिनेही केला नाही. त्यानंतर दादा दुपारी घरातच बसू लागला; थंडीमुळे असेल, असं तिला वाटलं.

पुढे तिसऱ्या आठवड्यात नगरपालिकेत छोटासा समारंभ होता. उत्तम अर्ज लिहिणाऱ्या समित्यांना प्रशस्तिपत्र मिळणार होतं. दादाने स्वतः तिच्या साडीचा पदर नीट केला. "फोटो काढतील, तोंड वाकडं करू नकोस," म्हणाला. जेवून तो आडवा झाल्यावर ती निघाली.

साडेपाचला परतली तेव्हा दार सताड उघडं होतं. दादाच्या चपला नव्हत्या. थंडीचे दिवस, अंधार लवकर पडायचा, आणि त्याचा स्वेटर खुंटीवरच होता.

तिने गल्ली पालथी घातली. शेजारीपाजारी धावून आले. ज्या दुकानांच्या पाट्या त्याने रंगवल्या होत्या, तिथे तिथे जाऊन विचारलं. कॅमेऱ्यांच्या नियंत्रण कक्षाला फोन लावला तर पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "तक्रार नोंदवली आहे. चित्रीकरण बघायचं असेल तर लेखी अर्ज लागेल, उद्या दहानंतर." अर्जाचा तो नमुना तिला पाठ होता. समितीच्या वतीने तिनेच त्याला मान्यता दिली होती.

दादा सकाळी सापडला. बंद पडलेल्या सूतगिरणीच्या भिंतीला पाठ लावून, पाय पसरून बसलेला. फिरायला निघालेल्या दोघांना आधी वाटलं, म्हातारा उन्हाची वाट बघतोय. डॉक्टर म्हणाले, थंडीने हृदय थांबलं. फार त्रास झाला नसावा. डॉक्टर असंच म्हणतात, हे तिलाही कळत होतं.

चौथ्या दिवशी ती नियंत्रण कक्षात गेली. अनुदान विभागातली तरुण अधिकारी तिच्यासोबत आली होती. "नका बघू, मावशी," ती दोनदा म्हणाली. पण चिटणीसबाईंना बघायचं होतं. बत्तीस पडद्यांसमोर एकच माणूस बसलेला, डोळे तांबारलेले. त्याला तरी काय बोल लावणार?

चित्र स्वच्छ होतं. तीन वाजून दहा मिनिटांनी दादा घराबाहेर पडला. कोपऱ्यावर थांबला, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. तीन पंचवीसला तो चौकीपाशी पोचला. दार ठोठावलं. कुलूप हातात धरून बघितलं. मग पायरीवर बसला. लोक येत होते, जात होते. एका बाईने त्याला वळसा घालून पिशवी दुसऱ्या हातात घेतली. तो प्रत्येकाच्या तोंडाकडे आशेने बघायचा आणि मान खाली घालायचा. दर थोड्या वेळाने उठून पुन्हा दार ठोठावायचा. पंचावन्न मिनिटं तो तिथे बसून होता, आणि चिटणीसबाईंनी पंचावन्न मिनिटं पडद्यावरची नजर हलवली नाही. चार वीसला तो उठला, सदरा झटकला आणि भलत्याच दिशेला चालू लागला. गिरणीच्या वळणावर शेवटचा कॅमेरा होता. त्याच्यापुढे काही नव्हतं.

"तिथे कुणाची वाट बघत होते हो?" पडद्यांसमोरच्या माणसाने हळूच विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. खरंच माहीत नव्हतं.

दोन आठवड्यांनी, एका दुपारी, हवालदार आला. साध्या कपड्यांत होता, त्यामुळे आधी तिने ओळखलंच नाही. तो नेहमीच्या स्टुलावर न बसता उभाच राहिला.

"मला परवा कळलं, बाई. तिकडे कोण सांगणार?"

"तो चौकीवर आला होता," ती म्हणाली. "तासभर बसला होता. का, ते मला कळत नाही."

हवालदाराने भिंतीला हात टेकला. "काका हरवायचे," तो म्हणाला. "वर्षभर झालं असेल. गल्लीबाहेर पडले की घर कुठे ते आठवायचं नाही. पण चौकी सापडायची. पाटी त्यांनीच रंगवलेली, लांबून अक्षर ओळखायचे. यायचे आणि म्हणायचे, चल, मला जरा सोड. मग मी सोडायला यायचो."

ती म्हणाली, "चहाला..."

"ते मला वाटेत बजावायचे. धाकटीला बोलू नकोस. तिला कळलं तर ती समिती-बिमिती सगळं सोडून माझ्या उशाशी बसेल. जन्मभर माझ्यापायी अडकली, आता कुठे चार लोकांत वावरतेय. मी तुला चहाला आणलाय, असं सांगायचं. मी शब्द दिला होता, बाई. जाताना मोडायला आलो होतो. पण ते समोर आले, आणि..."

"त्या सभेत मी बोलले, तेव्हा तुम्ही हसलात."

"मग काय करणार होतो?"

"सांगायला हवं होतंत मला!" ती ओरडली. इतक्या मोठ्याने, की शेजारचं दार उघडलं आणि पुन्हा मिटलं. "भर सभेत सांगायला हवं होतंत! शब्द कसला घेऊन बसलात?"

"हो," तो म्हणाला. "चुकलंच माझं."

तिचा राग आला तसा ओसरला. चुकलं त्याचंही होतं, पण त्याने निदान दारापर्यंत येऊन दोन मिनिटं मागितली होती. तिने तीही दिली नव्हती. गेले दोन आठवडे ती रडली नव्हती. लोक म्हणत होते, बाई खंबीर आहे. आता ती मटकन खाली बसली आणि गुडघ्यांत तोंड खुपसून लहान पोरीसारखी हुंदके देऊ लागली. हवालदार तिच्यासमोर जमिनीवरच बसला. समजूत घालण्याच्या भानगडीत तो पडला नाही.

बऱ्याच वेळाने तिने पदराने तोंड पुसलं. "वाटेत आणखी काय बोलायचा?" तिने विचारलं.

"पुष्कळ. रंग कसे कालवायचे ते. तुमच्या शाळेचं. एकदा तुम्ही फळ्यावर पडला होतात म्हणे, सगळा चेहरा खडूने माखला होता."

"फळ्यावर नाही. शिडीवरून, रंगाच्या डब्यात," ती म्हणाली. "निळा रंग होता."

हवालदाराला परतीची गाडी गाठायची होती. त्याने घड्याळाकडे बघितलं, मग मनगट फिरवून घड्याळाची तबकडी खाली केली, आणि दादा आणखी काय काय सांगायचा ते एकेक आठवून तिला सांगत बसला.