वेशीवरचं अभिनंदन

कापडालाही चीड येते, हे मला या हिवाळ्यात कळलं. मी गावाच्या वेशीवरचा लांबलचक फलक. माझ्यावर छापलंय, 'योम घराण्याच्या सुपुत्राची राष्ट्राध्यक्षपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!'

माझा जन्म मतमोजणी संपायच्या आधीचा. गावप्रमुख दाल्सू काकांना दम निघत नव्हता.

"हरले तर?" छपाईवाल्याने विचारलं.

"आमचं रक्त आहे ते," काका म्हणाले.

सुपुत्र या गावात कधी राहिले नव्हते. त्यांचे पणजोबा इथल्या डोंगरावर पुरलेत, एवढंच नातं. पण निकाल लागला आणि राजधानी सोलहून वाहिन्यांच्या गाड्या आल्या. मला दोन झाडांमध्ये ताणून बांधलं. म्हातारे माझ्याखाली हात उंचावून 'मान्से!' असा जयजयकार करत ओरडले. वार्ताहर मुलगी म्हणाली, "आजोबा, कॅमेरा सुरू नव्हता. परत ओरडा, आणि डोळ्यांत जरा पाणी येऊ द्या." शेवटच्या खेपेला खरंच आलं.

शपथविधीला दोन महिने होते. तोवर गावाने हातपाय हलवायचे बंद केले. छप्पर गळतंय? साहेब बसले की बघू. दवाखान्यात डॉक्टर नाही? साहेब बसले की येईल. समाजगृहाच्या खालून तापवलेल्या फरशीवर पाय पसरून सगळे टीव्हीसमोर. कोण मंत्री होणार याचे अंदाज, मधूनमधून 'आता नवं युग उजाडणार'चं पालुपद. भाताची दारू संपेपर्यंत ते युग रोज उजाडायचं.

त्याच दिवसांत थांब्यावर सूचना लागली: प्रवासी कमी, बस बंद होणार, हरकती महिनाअखेरपर्यंत द्याव्यात.

उन्बी शहरात शिकून आईसाठी गावी परतलेली. आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागे, याच बसने. उन्बीने स्वतःचा फलक रंगवून आणला. पण रस्त्यावरून दिसेल अशी जागा एकच, आणि ती मी अडवलेली. ती तडक माझ्या मागच्या समाजगृहात शिरली.

"काका, तुमचा फलक चार दिवस खाली घ्या."

"डोकं फिरलंय का? कॅमेरे येतात इथे. गाव रडकं दिसलं तर साहेबांची मान खाली जाईल. आपलाच माणूस वर बसतोय. एक शब्द टाकला की बस दारात!"

"मग टाका ना शब्द."

"अगं, शपथ तरी घेऊ दे त्यांना!"

"कॉलेजात धीर शिकवत नाहीत वाटतं," चोम्सुन आजी कुजकटपणे म्हणाल्या.

"माझ्या आईचं रक्त धीराने साफ होत नाही, आजी."

कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला. हरकतीच्या अर्जावर एकाही म्हाताऱ्याने सहीच्या जागी आपल्या नावाचा शिक्का उमटवला नाही. मी वाऱ्यावर फडफडत होतो. बघणाऱ्यांना वाटलं असेल, आनंदाने.

शपथविधी झाला. भाषणात पहाट होती, गाव नव्हतं. पुढच्याच आठवड्यात बस बंद झाली.

मग उन्बी शेजाऱ्याच्या टेम्पोतून आईला न्यायला लागली. एका सकाळी बर्फ पडला, टेम्पो चढावर घसरला आणि डायलिसिस चुकलं. दुसऱ्या दिवशी आईला श्वास घेता येईना. रुग्णवाहिका आली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. ती वाचली, पण अजून इस्पितळात आहे.

उन्बी तिथून परतली ती कात्री घेऊनच. भरदिवसा, सगळ्यांदेखत तिने माझे दोर कापले.

"काय करतेस!" काका धावत आले. "साहेब यायचेत अजून!"

"येऊ देत. बसने नाही येणार ते."

तिने मला समाजगृहाच्या अंगणात पालथं घातलं आणि पाठीवर लाल रंगाने लिहू लागली: 'आमची बस परत द्या.' वाऱ्याने माझा कोपरा उडत होता. चोम्सुन आजी कण्हत आल्या आणि त्यावर बसल्या.

"लवकर लिही गं. खालून गार लागतंय."

आता मी पुन्हा त्याच झाडांमध्ये आहे. अभिनंदन डोंगराकडे, मागणी रस्त्याकडे. कॅमेरे हल्ली येत नाहीत. माझं एवढंच मागणं आहे: यायच्या माणसाची वाट खुशाल बघा, पण त्या नावाखाली घरातल्या माणसाची वाट अडवू नका.

नव्या अर्जावर आजींचा शिक्का आहे, काकांचा नाही. उन्बी रोज जाऊन टीव्हीसमोर उभी राहते.

"बाजूला हो, साहेबांची बातमी लागलीय," काका ओरडतात.

"शिक्का द्या, होते."

इथपर्यंत ऐकू येतं मला. ती अजून हललेली नाही.